पाठमोरी गाठ

दोन हजार चोवीस साल. भाद्रपद सरत आलेला. गणपती बोळवून झालेले आणि दिवाळीचा माल गोदामात शिरू लागलेला. तिथून सांगतो. मी दोर. भिवंडीजवळच्या वडपे गावातल्या गोदामात ट्रकवरची ताडपत्री आवळणारा. दया म्हणून ऐकणार असाल तर उठा.

माझा जन्म भिवंडीतलाच, लूमवरच्या वाया गेलेल्या सुताचा. कारखान्यानं फेकलं ते एका म्हाताऱ्यानं गोळा केलं, तीन पदरी वळलं. माणसं कामाचीच वस्तू आधी फेकतात. ही त्यांची जुनी खोड.

मला विकत घेतलं केसरीनाथनं. तरुणपणी त्यानं लूम चालवली, मग हमाली केली, आता गोदामात मुकादम. साठीला टेकलेला. त्याची गाठ अशी की खड्ड्यांतून नाशिक गाठलं तरी ताडपत्री हलत नाही, आणि सोडायला एक हिसका पुरतो. पण गाठ मारताना तो लोकांकडे पाठ करतो. त्याच्या मुकादमानंही त्याला पाठच दाखवली होती. यानं ट्रकखाली वाकून गाठ चोरून पाहिली. चोरून मिळालेलं माणूस जास्त लपवतो. इथले जुने सगळे असेच.

नवे त्याहून थोर. विचारलं तर लहान दिसू, म्हणून विचारायचंच नाही. मनोज नावाचा लोडर मोबाईलवर गाठ बघून मला असा गुंडाळतो की सोडायला सुरी लागते. माझा हातभर तुकडा त्यातच गेला.

विचारायची एकटी हेमाली. शेलार गावची, शिफ्टची सुपरवायझर, केसरीनाथच्या मुलीपेक्षा लहान.

"काका, एकदा तोंड इकडं करून मारा ना."

"मॅडमनी कागद बगावं," हा पाठमोराच म्हणाला. "गाठी मारनं आमचं काम हाय."

मग स्कॅनर आले. खोक्यावरच्या रेघांवर उजेड पाडायचा, की माल नोंदला जातो. ज्याला हे जमणार नाही त्याची मुकादमी दिवाळीपासून बंद. त्यानं गेटवर शिट्टी वाजवत बसायचं.

जुन्या-नव्यांनी एकमेकांना शिकवावं म्हणून कंपनीनं सभा घेतली. मी केसरीनाथच्या खांद्यावर होतो, म्हणून सांगतो. थंड खोलीत एक साहेब बोलत राहिला. जुने एका भिंतीला बसले, नवे दुसऱ्या. समोसे खाल्ले, टाळ्या वाजवल्या, जसे बसले तसे उठले. आयुष्यात गोणी न उचललेल्या माणसानं शिकवलं की हे असंच होणार.

खोकं नोंदलं की मशीन एकदा वाजते, नाकारलं की दोनदा. केसरीनाथ नाकारलेली खोकीही बिनदिक्कत गाडीत चढवायचा. भरलेली गाडी उतरवावी लागली. एकदा नाही, पुन्हा पुन्हा.

"काका, मशीन हाय ती, टीव्हीचा रिमोट न्हाय!" मनोज ओरडला. सगळे फिदीफिदी हसले.

"मशीनच खोटी हाय," केसरीनाथ म्हणाला.

खोटं तो बोलत होता. लूमच्या खडखडाटानं त्याचे कान केव्हाच नेलेले. ती बारीक पिपाणी त्याला ऐकूच येत नव्हती. पण तसं सांगितलं तर म्हातारा ठरेल! मुकादमी गेली तरी चालेल, तोंडातून ते निघणार नाही. इतका मूर्खपणा सुताच्या दोराला जमत नाही. त्याला माणूसच लागतो.

हेमालीनं ओळखलं. जेवणाच्या सुट्टीत ती खोक्यांच्या थप्पीमागे आली, त्याच्या मशीनमध्ये काहीतरी बदललं आणि ती त्याच्या हातात दिली.

"कान लावू नका, काका. हात लावा. एकदा थरथरली तर नोंदलं. दोनदा थरथरली तर खोकं बाजूला."

"तुला कोन बोललं माज्या कानांचं?"

"कोणी न्हाय. माझे बाबा लूमवर होते. ते पण तुमच्यासारखेच ओरडून बोलतात."

त्याची मान खाली गेली. मग खोकी घेतली. एकदा थरथरली. एकदा. दोनदा. ते खोकं त्यानं बाजूला ठेवलं.

तिनं हे कुणाला सांगितलं नाही. यानं आभार मानले नाहीत. मुकादमी राहिली. मशीन दुरुस्त झाली, असं मनोजला वाटलं. वाटू दे. त्याला काहीही वाटतं.

माझे पदर आता मधोमध उसवलेत. एक दिवस मलाही फेकतील. विनवणी करायची माझी रीत नाही. एकच सांगतो, तुमच्या हातात काही असेल तर लोकांकडे पाठ करून त्याच्यासकट कुजू नका. कुजलेल्या दोराला कुणी विचारत नाही.

भाऊबीज होऊन गोदाम उघडलं. पहिली गाडी भरली. केसरीनाथनं मला ताडपत्रीवरून टाकलं, ओढलं. त्याची पाठ फिरणार म्हणून मी वाट बघत होतो. ती फिरली नाही.

"हेमाली बाय, हिकडं ये."

मनोजही लगबगीनं आला. "मी पण बघू?"

"बग. पन तोंड बंद."

त्यानं सगळ्यांच्या समोर गाठ मारली, सावकाश. सोडली. परत मारली. मग माझं टोक तिच्या हातात दिलं. "डोले लावू नको. हात लाव. कुठं तानतो ते हाताला कलंल."

तिची पहिली गाठ घसरली. मनोजला हसू आलं, केसरीनाथकडे बघून ते गिळलं. दुसरी बसली. केसरीनाथ अख्ख्या अंगाचा भार टाकून मला लोंबकळला. मी तसूभर सरकलो नाही.

"तुजं देनं फिटलं," तो म्हणाला.