माहेरच्या नावाचे कागद

तासगावच्या विजयमालाबाईंना लोक पाठीमागे भांडखोर नर्स म्हणत आणि समोर नुसतं बाई म्हणत. त्यांना दोन्ही ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर पहिलं नाव त्यांना जास्त आवडायचं. सरकारी नोकरी त्यांनी सोडली ती एका डॉक्टरला चार लोकांत खडे बोल सुनावून. त्यानंतर द्राक्षबागेतल्या मजूर बायकांपासून पाचगणीच्या शाळेतल्या शिक्षिकांपर्यंत, ऐकून घेईल त्या बाईला त्या एकच सांगत फिरल्या: अंग तुझं आहे, तुला विचारल्याशिवाय त्याला कुणी हात लावायचा नाही.

या फिरतीचा सगळा पसारा घरातल्या पत्र्याच्या ट्रंकेत साठला होता. सभांची पत्रकं, मेळाव्यांचे फोटो, बाळंतिणीची काळजी कशी घ्यावी याची हातानं रंगवलेली चित्रं, पुढाऱ्यांना पाठवलेल्या अर्जांच्या नकला. अर्जांना उत्तरं आली नव्हती, म्हणून तर नकला जपल्या होत्या. अठ्ठ्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर सांगलीच्या एका कॉलेजातल्या प्राध्यापिका कमल दातार घरी आल्या आणि म्हणाल्या, ग्रंथालयात बायकांच्या कामाचं वेगळं दालन करतोय, पहिलं कपाट तुमच्या कागदांचं. विजयमालाबाई चहा करायला म्हणून आत गेल्या आणि स्टोव्हपुढे उभ्या राहून एकट्याच हसल्या. हार त्यांच्या गळ्यात बरेच पडले होते, पण कपाट अजून कुणी दिलं नव्हतं.

ट्रंकेच्या तळाशी खडकेवाडीचे कागद होते, आणि बाईंच्या मते सगळ्या पसाऱ्यात मोलाचे तेवढेच. खडकेवाडी कवठे महांकाळच्या पलीकडं, माळरानावरची. आणीबाणीच्या दिवसांत तिथल्या काही बायकांना बाळंतपणासाठी कुठल्याशा शिबिरात नेलं, आणि मूल झाल्यावर न विचारता, न सांगता त्यांची मूल बंद करायची ऑपरेशनं उरकून टाकली. दूध पावडरीसाठी म्हणून अंगठे घेतले ते ऑपरेशनच्या संमतीच्या कागदावर. घरी येऊन सांगणार कुणाला? सांगितलं तरी दोष हिचाच निघायचा. विजयमालाबाईंना कुणकुण लागली तशा त्या वाडीत जाऊन बसल्या, आणि त्यांनी एकेकीची हकीकत लिहून काढली.

नाव काय लिहू म्हटल्यावर मात्र सगळ्यांची दातखीळ बसली. तेव्हा धोंडुबाई नावाच्या, जिभेला हाड नसलेल्या एका बाईनं तोड काढली. त्या भागात लग्न झालं की सासरची माणसं सुनेचं नाव बदलतात. माहेरचं नाव चार दिवसांत सगळे विसरतात, कधीकधी तीच विसरते. धोंडुबाई म्हणाली, "आमची म्हायेरची नावं लिवा. खोटं बोलल्याचं पाप न्हाई, आन् हितं कुनाला वळखू बी येनार न्हाई."

विजयमालाबाईंनी तशीच लिहिली. नुसतं नाव आणि पुढं वाडी, बाकी काही नाही. कोण कोणती ते मरेपर्यंत कुणाला सांगणार नाही, असा त्यांनी शब्द दिला. आयुष्यात त्यांनी पुष्कळांना पुष्कळ काही ऐकवलं, पण दिलेला शब्द कधी मोडला नव्हता.

आता गंमत अशी, की कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचे एक विश्वस्त हंबीरराव हे खडकेवाडीचेच निघाले. सांगलीत बंगला, वाडीत शेती, आणि वाडीतली चूल न् चूल ठाऊक. माणूस वाईट नव्हता, पण आपल्याला ठाऊक नाही ते अस्तित्वातच नाही अशी त्यांची समजूत होती. दातारबाईंनी कागद दाखवले तर ते शांतपणे म्हणाले, या नावाच्या बायका आमच्या वाडीत नाहीत. मतदारयादी मागवली. यादीतही नव्हत्या.

दातारबाई बिचाऱ्या ओशाळून, कागद परत घेऊन तासगावला आल्या. प्राचार्यांचं म्हणणं पडलं होतं की एवढे कागद बनावट निघाले तर अख्ख्या ट्रंकेवर कोण विश्वास ठेवणार. नावं कल्पित असतील तर तसं मोकळेपणानं सांगा, एवढीच त्यांची विनंती होती. ही माहेरची नावं आहेत, एवढं एकच वाक्य विजयमालाबाई बोलल्या असत्या, तर सगळं सुटलं असतं. ते वाक्य त्यांच्या अगदी ओठावर आलं होतं.

"नावं खरी आहेत," त्या म्हणाल्या. "याच्यापुढं मी काही सांगणार नाही. हवं तर कपाट दुसऱ्या कुणाला द्या."

दातारबाई गेल्यावर त्यांना जेवण गेलं नाही. इतकी वर्षं लोकांनी त्यांना उद्धट म्हटलं, अगोचर म्हटलं, ते अंगाला लागलं नाही. खोटारडी मात्र कुणी म्हटलं नव्हतं. आणि त्याहून वाईट म्हणजे, त्या बायकांवर जे गुदरलं ते झालंच नाही असं आता कायमचं ठरणार होतं.

शेवटी त्या कागद घेऊन खडकेवाडीला गेल्या, ते मदत मागायला नव्हे. धोंडुबाईच्या पडवीत सगळ्यांना बसवून त्यांनी सांगितलं, माझं वय झालं, माझ्यामागं हे कुणाच्या हाती लागतील सांगता येत नाही, जिचा तिनं घ्या आणि चुलीत घाला. पण धोंडुबाईनं खोदून खोदून विचारलं, तेव्हा कॉलेजातली हकीकत सांगावीच लागली.

धोंडुबाई तोंडाला पदर लावून ऐकत होती. मग म्हणाली, "म्हंजी आमी हायच न्हाई, असं म्हनतोय त्यो?"

कोपऱ्यात लीलाबाई बसली होती, हंबीररावांची धाकटी भावजय. नवरा बाळासो पलटणीत, घरात सगळा अंमल थोरल्या दिराचा. तिला एक मुलगी झाली आणि पुढं काही नाही, म्हणून घरचे तीन वर्षं देवाला साकडं घालत होते आणि तिला उपास करायला लावत होते. तिनं आपला कागद उलटसुलट पाहिला, घडी घालून कमरेला खोचला आणि उठून निघाली. तू यात पडू नकोस, असं विजयमालाबाईंनी तिला हळूच सांगितलंही. तिनं ते ऐकलं की नाही कळलं नाही. बाकीचे कागद चुलीत न जाता बाईंकडंच परत आले.

त्याच आठवड्यात विजयमालाबाई ट्रंक घेऊन सांगलीच्या स्टँडवर उतरल्या. धोंडुबाईनं निरोपच तसा धाडला होता. कवठ्याची एस.टी. आली, तीतून धोंडुबाई उतरली, आणखी दोघी उतरल्या, आणि सगळ्यांच्या मागून, पदर कपाळापर्यंत ओढलेली लीलाबाई. विजयमालाबाई तिला अडवायला दोन पावलं पुढं झाल्या. पण आता माघारी धाडणंही त्यांच्या हातात उरलं नव्हतं.

प्राचार्यांच्या खोलीत प्राचार्य, दातारबाई आणि हंबीरराव बसले होते. धोंडुबाईनं दारातूनच सुरुवात केली. यादीत मी धोंडुबाई असेन, पण बापानं नाव ठेवलं होतं कौसल्या, आणि कागदावरची कौसल्या ती मीच. मागच्या दोघींनीही आपापली नावं सांगितली. एकीला तर स्वतःचं नाव मोठ्यानं घेताना हसू फुटलं, इतकं ते तिलाच परकं झालं होतं. हंबीररावांनी मान हलवली. चूक त्यांच्या ध्यानात आली होती आणि कबूल करायलाही ते तयार दिसत होते. तेवढ्यात लीलाबाई पुढं झाली. थोरल्या दिरासमोर ती आजवर एक शब्द बोलली नव्हती.

"भावजी, साळू म्हंजी मी," ती म्हणाली. "लग्नात तुमीच लीला ठिवलं. आन् मला प्वार का हुईना म्हनून तुमी नवस करताय, त्ये ह्या कागदात लिवलंय."

तिनं कमरेचा कागद काढून टेबलावर ठेवला. हंबीररावांनी तो वाचला. आधीही वाचलाच होता त्यांनी, पण तेव्हा तो कुणाचा नव्हता. त्यांचा चेहरा पडला.

दातारबाईंनी नोंद कशी करायची ते विचारलं, म्हणजे सासरचं नाव, नवऱ्याचं नाव.

"आप्रेशन माजं झालंय," लीलाबाई म्हणाली. "माजं नाव लिवा. साळू."

विजयमालाबाईंना भरून आलं. हीच गोष्ट सांगत त्या गावोगाव वणवण फिरल्या होत्या, पण इतक्या थोडक्यात त्यांनाही कधी सांगता आली नव्हती. त्या क्षणी कपाट मिळो न मिळो, त्यांना काही वाटलं नसतं. आपण या बायकांच्या आहोत, याचा त्यांना असा अभिमान वाटला की मान ताठ ठेवायलाही कष्ट पडले नाहीत.

हंबीरराव खुर्चीतून उठले. मग त्यांनी आपलीच खुर्ची भावजयीकडं सरकवली.

"बस, साळू," ते म्हणाले.

ती बसली, आणि दातारबाईंनी दौत पुढं ओढून लिहायला घेतलं.