खोडायची ओळ

“कलम दोनशे अकरा. ‘गोऱ्या मुलांसाठी’... स्वल्पविराम... ‘आणि काळ्या मुलांसाठी, वेगवेगळ्या शाळा’...” जोलीन तोंडातल्या तोंडात वाचत होती.

“ऐकू आलं नाही,” समोरून वर्नेटा म्हणाली. “ओळ पहिल्यापासून.”

विधिमंडळाच्या तपासणी खात्यात पद्धतच ती. एकीनं जुना मजकूर मोठ्यानं वाचायचा, दुसरीनं नव्या प्रतीवर बोट ठेवून ऐकायचं. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या या राज्याची घटना एकशेवीस वर्षांची. दुरुस्त्या जोडून जोडून एवढी फुगलेली, की ती अख्खी वाचलेल्या बायका जगात दोनच, आणि त्याही पगारासाठी. आता तिच्यातला वर्णभेद काढायचा होता. पण काढायचा मजकूरही शब्दन्‌शब्द वाचून घ्यावा लागतो; नाहीतर काय खोडलं ते कळणार कसं?

खरं तर वाचायची पाळी वर्नेटाची होती. “दे इकडे, हे तू कशाला वाचायचं?” असं जोलीनच म्हणाली. गोऱ्या बाईचा तेवढाच चांगुलपणा. दहा मिनिटांत तो अंगाशी आला.

“अठरा वर्षांपूर्वीच गेली असती ही ओळ,” वर्नेटा म्हणाली. “मतदान झालं होतं की. ही कलमं काढायचा प्रस्ताव थोडक्यात पडला. कोण गं ती माणसं, जोलीन? ज्याला विचारावं त्यानं ‘हो’लाच मत दिलेलं!”

ती हसली. वर्नेटा उगाच कधी हसत नसे.

जोलीननं कागद खाली ठेवला. तेव्हा चर्चमध्ये कुणीतरी पत्रकं वाटली होती: ही कलमं काढली तर कर वाढतील. तिनं तेवढंच ऐकलं. शाळेची ओळ तिच्या मनातही आली नव्हती. तेच आता जास्त लागत होतं.

“मी ‘नाही’ दिलं होतं.”

“ठाऊक आहे.”

“कसं?”

“बये, तुझ्या गाडीला दोन महिने ‘नको’ची पट्टी चिकटवलेली होती. लावायचीस माझ्याच गाडीशेजारी. मला वाटायचं, आज काढेल, उद्या काढेल.”

“आणि तरी दर वाढदिवसाला तू मला पीचची गोड ‘पाय’ भाजून—”

“ती तुझ्या नवऱ्यासाठी, रॉयसाठी. माणूस भला होता तो.”

“बोलली का नाहीस?”

“रोज आठ तास समोर बसायचं होतं. म्हटलं, आपणहून सांगेल.”

रडू आलं असतं तर बरं झालं असतं. जोलीनचे नुसते कान तापले.

“वर्नेटा, मला माफ—”

“ते या कागदात नाही. वाच.”

जोलीननं वाचायला घेतलं. या वेळी स्पष्ट, विरामचिन्हांसकट. नियमाप्रमाणे वर्नेटाची नजर प्रतीवर हवी होती. ती जोलीनच्या तोंडाकडे पाहत होती. पहिली दोन वर्षं ती त्या ओळीतल्याच, काळ्या मुलांच्या शाळेत शिकली होती. तेवढ्या मजकुरासाठी तिला कागद लागत नव्हता.