पाऊण अंश

निरीक्षक बाई उंचीने कमी. अंगणातल्या लाकडी पिंजऱ्यातला उष्णतामापक वाचायचा तर त्यांना स्टुलावर चढावं लागायचं. पारा नजरेच्या बरोबर समोर आला नाही की आकडा चुकतो, हे त्यांना अण्णांनी शिकवलं होतं. अण्णा म्हणजे त्यांचे वडील. त्यांनी याच केंद्रावर एकतीस वर्षं हवामान मोजलं आणि त्यांच्या मागे बाईंची बावीस झाली. दुसरा नियमही अण्णांचाच. नोंदवहीत खोडरबर चालणार नाही. आकडा चुकला तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, मग वर बरोबर आकडा आणि शेजारी सही.

आता अण्णांची नजर गेली होती. रोज संध्याकाळी दार वाजलं की ते खुर्चीतून विचारायचे, "आज किती?" बाई चपला काढता काढता आकडा सांगायच्या.

तीन महिन्यांपूर्वी अंगणात पिंजऱ्यापासून दहा पावलांवर नवं यंत्र उभं राहिलं. खांब, खांबावर पांढऱ्या प्लास्टिकच्या चकत्या, चकत्यांच्या आत संवेदक आणि खोलीत आकडे दाखवणारा पडदा. दोन्ही शेजारी शेजारी चालवून तुलना करायची होती. बाईंनी डोळ्यात तेल घालून केली. आधी पिंजऱ्यातल्या काचेच्या मापकाचा आकडा शाईने वहीत लिहायच्या, मग पडदा बघायच्या. सकाळी दोन्ही जुळत. वारा असला की दुपारीही जुळत. वारा पडला की मात्र यंत्र पाऊण अंश जास्त दाखवी.

त्यावर केंद्राच्या साहेबांनी अहवाल टाइप करून आणला. नवं यंत्र निर्दोष, जुना पिंजरा कमी दाखवतो, सबब मागच्या त्रेपन्न वर्षांच्या दुपारच्या नोंदींत पाऊण अंश वाढवावा.

"इथे सही करा बाई," साहेब म्हणाले. "तुमच्या सहीशिवाय पुढे जात नाही."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. अण्णा तापाने फणफणत असतानाही छत्री धरून त्या पिंजऱ्यापर्यंत गेले होते, आणि हा माणूस खोलीत पंख्याखाली बसून त्यांचे आकडे बदलणार?

"मी नाही करणार."

"वय झालं की नजर दगा देते. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही."

"नजर माझी आहे साहेब, आणि ती काय देते ते मला ठाऊक आहे."

घरी अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बर्फात घाल दोन्ही. खरा असेल तो शून्य दाखवेल. भांडण्याआधी बर्फ."

दुसऱ्या दिवशी बाईंनी थर्मास भरून कुटलेला बर्फ नेला. यंत्र बसवणारा इंजिनिअर आला होताच, त्याने संवेदक काढून दिला. काचेचा मापक आणि संवेदक एकाच बर्फात बुडवले. मापकाने शून्य दाखवलं. पडद्यावरही शून्य.

साहेबांचा चेहरा खुलला. "झालं समाधान? यंत्र बरोबर आहे."

बाईंना तोंडात मारल्यासारखं झालं. तीन महिने त्या यंत्राच्या नावाने बोटं मोडत होत्या आणि यंत्र बिचारं खरंच बोलत होतं. इंजिनिअरने संवेदक पुन्हा खांबावर चढवला. त्याला खांब धरून द्यायला बाई जवळ गेल्या आणि त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला. अनवाणी पाय खाली टेकला नि त्या जवळजवळ ओरडल्याच. खाली काँक्रीटचा ओटा होता, नवाकोरा, तव्यासारखा तापलेला. पिंजऱ्याखाली मात्र गवत होतं.

पाणी कुठे मुरतंय ते त्यांना एका पायावर उभ्या उभ्या कळलं.

"हा ओटा कोणी सांगितला?"

"आमच्याकडे सगळीकडे असाच घालतात," इंजिनिअर म्हणाला. "चिखल होत नाही."

"तो संवेदक काढा आणि माझ्या पिंजऱ्यात टांगा. वायर पुरेल, गुंडाळून ठेवलीय ती सोडा."

इंजिनिअरने साहेबांकडे पाहिलं, मग बाईंच्या पायाकडे, आणि वायर सोडली. वारा पडलेलाच होता. अर्ध्या तासाने बाई स्टुलावर चढल्या, पारा वाचला, वहीत लिहिला आणि मगच खोलीतल्या पडद्यापुढे गेल्या. अडतीस पूर्णांक चार. वहीतही तेच.

"दोघंही खरे आहेत साहेब. तुमचा ओटा खोटा आहे."

साहेबांनी अहवाल पुढे सरकवला. "असेल. पण वर कळवून झालंय. आता ओटा फोडा, खांब हलवा, तीन महिने पुन्हा मोजा, हे कोण करणार? गुपचूप सही करा. पाऊण अंशाने कोणाचं काय बिघडतं?"

"मी मोजते ना पुन्हा. तीन काय, सहा महिने मोजते."

"बाई, सही."

"द्या."

त्यांनी शाईचं पेन उघडलं. साहेब हुश्श करून खुर्चीत मागे रेलले. बाईंनी पट्टी घेतली आणि 'जुना पिंजरा'पासून शेवटपर्यंतच्या मजकुरावर ओळीमागून ओळ एकेक आडवी रेघ मारली. वर लिहिलं, 'नवे यंत्र काँक्रीटवर आहे. गवतावर हलवून तुलना पुन्हा करावी. जुन्या नोंदींना हात लावू नये.' शेजारी सही केली, तारीख घातली, वेळसुद्धा घातली.

"हे काय केलंत तुम्ही?" साहेब उठलेच.

"सही. तुम्हीच म्हणालात, तिच्याशिवाय पुढे जात नाही."

संध्याकाळी दार वाजलं. तुटकी चप्पल हातात घेऊन बाई आत आल्या.

"आज किती?"

"अडतीस पूर्णांक चार. दोन्हीकडे."

अण्णांनी मान हलवली. "आणि तो कागद?"

"रेघ मारली त्याच्यावर."

"एकच ना?"

"प्रत्येक ओळीवर एकच, अण्णा. खालचं सगळं वाचता येतंय."