तुमची शिक्षा कुठे झाली?

त्या जानेवारीत आमचं स्क्वाड्रन महिनाभर झाशीला होतं. लढाई नव्हती, आणि लढाई नसताना लढाऊ वैमानिक हाताला काम नसलेल्या पोरांसारखे होतात. म्हणून आम्हाला बबिन्याजवळच्या माळावर, म्हणजे रेंजवर, लाकडी निशाण्यांवर गोळ्या झाडायला पाठवलं होतं. धुकं विरलं की उडायचं, गोळ्या झाडून परत यायचं, आणि दुपारभर कुणाचा नेम चुकला यावर भांडायचं. रात्री मेसमधली ती डाळ. त्या डाळीबद्दल मी आजही शांतपणे बोलू शकत नाही. बाकी सगळी मजाच मजा होती, आणि इतके आनंदात आम्ही पुन्हा क्वचितच राहिलो.

माझ्या तंबूत दिवाकर होता. नेम असा की हेवा वाटावा, आणि खोड्या अशा की कपाळाला हात लावावा. पहिल्याच आठवड्यात परतताना त्याला खाली ललितपूरकडे निघालेली मालगाडी दिसली. पठ्ठ्याने विमान खाली घातलं, क्षणभर इंजिनाच्या बरोबरीने नेलं, ड्रायव्हरला दोन बोटांनी सलाम ठोकला आणि वर आला. वर आमचे प्रमुख जयसिंगसाहेब उडत होते. त्यांनी सगळं पाहिलं.

साहेबांचा आवाज कधी चढत नसे, त्यामुळे त्यांची जास्तच भीती वाटायची. दिवाकरचं उड्डाण आठवडाभर बंद झालं. त्याने रेंजवर बसून इतरांच्या गोळ्यांची भोकं मोजायची. शिवाय ही गोष्ट गावात गेली, तर महिनाअखेर आम्ही सगळे थाटात उडत परतू तेव्हा दिवाकर सामानाबरोबर मालगाडीने येईल, असंही साहेबांनी बजावलं. वैमानिकाची याहून मोठी नाचक्की नाही.

त्यातच संक्रांत आली. रेल्वेतल्या मराठी मंडळींनी आम्हा दोघांना तिळगुळाला बोलावलं, आणि तिथे दिवाकरला बकुळ दिसली. ती शाळेत शिकवायची. तिला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर हिंदीत द्यायची. तंबूत परतल्यावर दिवाकरने जाहीर केलं की लग्न करीन तर हिच्याशीच. मी म्हटलं, आधी भोकं मोज.

पण बकुळच्या आईला, सुहासिनीबाईंना, तो आवडला असावा. पुढच्या रविवारी खंडेराव गेटजवळच्या त्यांच्या घरी जेवणाचं आमंत्रण आलं. निर्णय अर्थातच वडलांचा, हरिभाऊंचा. ते रेल्वेत इंजिन ड्रायव्हर. पिढ्यान्‌पिढ्या झाशीत राहिलेलं घराणं, महाराष्ट्र फक्त ऐकून माहीत. गृहस्थ पानावर गप्प बसले होते. हे पंधरवडाभर असेच आहेत, इंजिनांच्या शेडमधले लोक त्यांना छळतात, असं सुहासिनीबाई वाढता वाढता माझ्या कानाशी पुटपुटल्या.

अर्धं जेवण झाल्यावर हरिभाऊंनी पहिला प्रश्न विचारला.

“दिवाकरजी, तुमची शिक्षा कुठे झाली?”

दिवाकरचा घास हातातच राहिला. बातमी इथवर पोचली होती तर. मी निमूटपणे वरणभात कालवू लागलो.

“रेंजवर,” तो म्हणाला.

“किती वर्षं?”

“वर्षं नाही. आठवडाभर.”

हरिभाऊंनी चमकून बायकोकडे पाहिलं. दिवाकरला वाटलं, आता लपवण्यात अर्थ नाही. त्याने मालगाडी, इंजिन, सलाम, साहेब, सगळं भडाभडा सांगून टाकलं, आणि चूक माझीच होती म्हणून मान खाली घातली.

बकुळ तोंडाला पदर लावून हसत होती. “बाबा पढ़ाई पूछ रहे थे,” ती म्हणाली.

झाशीच्या त्या मराठीत शिक्षा म्हणजे शिक्षण. हिंदी शेजाराचा परिणाम. मला हसू आवरेना. पण हरिभाऊ हसले नाहीत.

“सलाम कसा केलात?” त्यांनी विचारलं.

दिवाकरने दोन बोटं कपाळाला लावली. हरिभाऊंनी उष्ट्या हाताने तस्साच सलाम केला आणि त्यांचे डोळे भरून आले. ती मालगाडी त्यांचीच होती. फायरमन तेव्हा वाकून भट्टीत कोळसा टाकत होता, गार्ड पार मागे, धुराआड होता. विमान पाहिलं ते एकट्या हरिभाऊंनी. शेडमध्ये कुणाचाही विश्वास बसला नाही. आयुष्यात कधी थाप न मारलेल्या माणसाला आता रोज कुणीतरी विचारायचं, “का भैयाजी, आज हवाई जहाज नहीं मिला?”

“माझ्याबरोबर शेडमध्ये याल?” हरिभाऊ म्हणाले.

मी दिवाकरला कोपराने ढोसलं. गावात गोष्ट गेली की मालगाडी ठरलेली. त्याने एकदा बकुळकडे पाहिलं. ती आता हसत नव्हती. तो उठला, हात धुतले आणि चपला घातल्या.

शेडमध्ये इंजिनांच्या मधोमध उभं राहून त्याने सगळ्यांना खणखणीत हिंदीत हकिकत सांगितली आणि सलामही करून दाखवला. मग एक म्हातारा फिटर हसत हसत पुढे आला आणि हरिभाऊंच्या पाया पडला. मग चहा, मग पेढे. हरिभाऊ सगळ्यांसमोर रडत होते आणि त्यांना त्याची लाज वाटत नव्हती. मलाही भरून आलं, आणि मी तसा रडणारा माणूस नाही.

बातमी संध्याकाळच्या आत जयसिंगसाहेबांकडे पोचली. “मालगाडी,” ते एवढंच म्हणाले. मी रात्रभर दिवाकरच्या वतीने चिडलो होतो. तो पडल्या पडल्या गात होता, कारण शेडमधून परतताना हरिभाऊंनी त्याला सांगितलं होतं की मुलगी दिली.

शेवटच्या सकाळी आम्ही विमानांची रचना धरून निघालो. खाली ललितपूरच्या रुळांवर आमच्या सामानाचे डबे घेऊन हरिभाऊंचं इंजिन धूर सोडत चाललं होतं, आणि हरिभाऊंच्या शेजारी दिवाकर उभा होता. रेडिओवर साहेबांचा शांत आवाज आला: सगळ्यांनी उंची राखायची, कुणीही खाली जायचं नाही. आम्ही राखली.

फक्त साहेबांचंच विमान रचनेतून निसटलं, खाली गेलं आणि क्षणभर इंजिनाच्या बरोबरीने धावलं. सलाम कसा केला ते मला वरून दिसलं नाही. दोन बोटांनी, असं दिवाकरने नंतर सांगितलं. आणि या खेपेला फायरमन फावडं टाकून बाहेर वाकला होता.