सात वाजताचे फोन

दादाने रविवारी माझा फोन उचलला नाही. सोमवारी कामावरून मी थेट त्याच्या खोलीवर गेले.

औषधाच्या बाटल्यांच्या कारखान्यात तो सतरा वर्षं तपासनीस होता. पांढऱ्या दिव्यासमोर बाटली फिरवायची, काचेत बुडबुडा दिसला की मेणाच्या लाल पेन्सिलीने फुली मारायची. कारखाना बंद पडून पाच महिने झाले. तो तिसऱ्या मजल्यावर एकटाच राहतो. बेकारीत माणसांशी संबंध टिकला तर मन कमी खचतं, असं मी वाचलं होतं. आकडे पटण्यासारखे होते. म्हणून मी वेळापत्रक केलं. सोमवारी मावशी, बुधवारी मामा, शुक्रवारी त्याचा मित्र जाड्या, रविवारी मी. सगळ्यांनी सात वाजता फोन करायचा, आधी जेवणाचं विचारायचं, नोकरीचं नाव काढायचं नाही. दादाला अर्थातच कळू द्यायचं नाही.

दार नुसतं लोटलेलं होतं.

"आज तुझा वार नाही, चिमणे," तो म्हणाला.

भिंतीवर कागद चिकटवला होता. वार, वेळ, पहिला प्रश्न. नऊ आठवड्यांच्या नोंदी.

"सात, सात, सात वाजून एक. हा जाड्या. शाळेतही उशिराच यायचा." तो हसला. "जन्मात त्याने मला 'जेवलास का' विचारलं नाही गं. माझाच डबा खायचा तो! कारखान्यात नोंदी इतक्या सारख्या आल्या की आम्ही समजायचो, कुणीतरी बसून भरल्यात."

"चुकलं माझं."

"छे. काम स्वच्छ आहे."

खोलीही स्वच्छ होती. भांडी पालथी, गादी गुंडाळलेली. टेबलावर चार पाकिटं, प्रत्येकावर नाव. एक माझं. खिडकीची जाळी काढून भिंतीला टेकवली होती.

"पुसायला काढलीय."

जाळीशेजारच्या फडक्याची घडीही मोडलेली नव्हती. मोरीजवळच्या आरशावर लाल फुली होती, बरोबर त्याच्या चेहऱ्याच्या उंचीवर.

मी जाऊन खिडकीला पाठ लावून उभी राहिले.

"दादा, मरायचं ठरवलंयस का?"

त्याने भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं.

"हा प्रश्न यादीत नव्हता," तो म्हणाला आणि गुंडाळलेल्या गादीवर बसला. नाही म्हणाला नाही.

फोन वाजला. सात. तो हलला नाही, म्हणून मी उचलला.

"जेवलास का रे?"

"मावशी, मी बोलतेय. आत्ताच्या आत्ता इकडे ये. जाड्यालाही घेऊन ये."

"अगं बाई! आणि येऊन विचारू काय त्याला?"

"ते मी सांगणार नाही."

फोन ठेवला. मी खिडकी सोडली नाही. मागून वारा येत होता, टेबलावरची पाकिटं फडफडत होती. दादा आळीपाळीने माझ्याकडे आणि जाळीकडे बघत होता.

"किती वेळ लागेल त्यांना?" शेवटी त्याने विचारलं.

"माहीत नाही, दादा. खरंच माहीत नाही."