मितेकने ओ दिली

माझा भाऊ मितेक समुद्रावरच्या बर्फात शिकारीला गेला आणि परतलाच नाही. त्याची कुत्री तेवढी घरी आली. त्याच महिन्यात मला मुलगी झाली, आणि ती काही केल्या रडायची थांबेना. पोर नाव मागतंय, असं म्हातारी माणसं म्हणाली. आमच्याकडे गेलेल्या माणसाचं नाव ठेवतात, आणि मग तो माणूसच घरी आला असं धरून चालतात. मितेकचा देह सापडला नव्हता, थांबायला हवं होतं; पण तिच्या कानात मितेक म्हटलं आणि ती शांत झोपली, तेव्हा मलाही बरंच वाटलं.

ती आता शाळेत जाते, तरी मितेकची बायको, पानीराकवहिनी, तिला नवरोबाच म्हणते. यंदाही आम्ही हिमनदीच्या तोंडाशी, दरवर्षीच्या जागी, तंबू ठोकला. दुपारी वहिनीने काठाला लागलेल्या हिमनगाचा तुकडा कॉफीसाठी फोडून आणला.

"काय नवरोबा, बसून राहिलात? पूर्वी निदान स्टोव्ह तरी पेटवायचात."

"तू कॉफी उतू घालवतेस," पोरगी म्हणाली.

माझा भाऊही हेच म्हणायचा. वहिनी हसली आणि मग तिने डोळे पुसले.

तेवढ्यात मला अरुंद पाण्यापलीकडच्या खडकावर एक तंबू दिसला. तिथे वरून बर्फाचे कडे कोसळतात, होडी लागत नाही, कोणी मुक्कामही करत नाही. तंबूला लाल ठिगळ होतं. ते वहिनीनेच आपल्या जुन्या जाकिटाचं लावलं होतं, आणि भाऊ तोच तंबू घेऊन गेला होता. बाहेर एक माणूस पाठमोरा बसला होता.

वहिनी पाण्यापर्यंत धावली. "मितेक!"

"ओ," माझी मुलगी म्हणाली.

माणूस हलला नाही. वहिनीने पुन्हा हाक मारली, पुन्हा पोरीनेच ओ दिली. तेव्हा वहिनी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली.

"नवरोबा, एवढी एक हाक त्याला जाऊ द्या. तुम्ही ओ देऊ नका."

पोरीने ओठ घट्ट मिटले. वहिनीने हाक मारली आणि माणसाने मान वळवली. मितेकच होता, फार दमलेला. माझ्या हातातला पोरीचा हात थंड पडला. मी खाली पाहिलं, तर ती परक्या बाईकडे पाहावं तशी माझ्याकडे पाहत होती.

"आणखी एकदा," वहिनी म्हणाली. "येईल गं तो."

माझा सख्खा भाऊ. त्याने मला कडेवर घेऊन वाढवलं होतं. वहिनीने हाक मारली, आणि मी पोरीचे दोन्ही खांदे धरून हलवले.

"ओ दे," मी म्हणाले. "मितेक, ओ दे."

"ओ."

मी तिचा हात पुन्हा धरला; तो हळूहळू उबदार झाला. वहिनी पाण्याच्या काठाशी खाली बसली. पलीकडे तो उठला, आमच्याकडे पाठ फिरवली, आणि मुक्काम हलवायला वाकून तंबूच्या दोरांवरचे दगड एकेक करून बाजूला ठेवू लागला.