आवाजघराचा सिनेमा

सुमनताईंनी आयुष्यात एकच कादंबरी लिहिली, 'आवाजघर'. ग्वाल्हेरला मुलींच्या शाळेत त्या फिजिक्स शिकवायच्या, त्या काळातली ती गोष्ट. कादंबरीत मंगळावरच्या वस्तीत एक खोली आहे आणि तिथलं यंत्र मेलेल्या माणसांच्या आवाजात बोलतं. लोक तिथे जातात आणि परतच येत नाहीत. इंजिनियर वसुधाची मुलगी वारलेली आहे. शेवटच्या प्रकरणात ती त्या दारापर्यंत जाते आणि एक शब्दही न ऐकता यंत्र बंद करते. चाळीस वर्षं वाचक विचारत होते, वसुधाने ऐकलं असतं तर काय ऐकू आलं असतं? सुमनताईंनी कधी सांगितलं नाही.

सांगितलं ते फक्त शंतनुला. तो त्यांच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. बहीण गेल्यावर दहावीपासून त्यांच्याकडेच वाढला, पुढे मुंबईला जाऊन दिग्दर्शक झाला. 'आवाजघर'वर हिंदी सिनेमा करायचा म्हणून गेल्या हिवाळ्यात तो घरी येऊन राहिला होता. एका दुपारी गच्चीवर उन्हात बसल्या बसल्या त्याने विचारलं, "मावशी, लिहायला नको, फक्त मला समजायला. वसुधाने काय ऐकलं असतं?"

सुमनताईंनी त्याला दुर्गाबद्दल सांगितलं. त्यांची एकुलती एक मुलगी आठव्या वर्षी तापाने गेली, तेव्हा तिचे बाबा, पांडुरंगराव, धरणाच्या कामावर होते. जायच्या आधी ते तिला म्हणाले होते, मी येईपर्यंत तेराचा पाढा पाठ कर. शेवटच्या दिवशी ती म्हणाली, "आई, बाबा आले की मला उठव. तेराचा पाढा येतो आता." पांडुरंगरावांना सुमनताईंनी सांगितलं, ती झोपेतच गेली.

"हे सिनेमात नको," त्या म्हणाल्या. "आणि काकांना तर कधीच कळायला नको. त्यांना नाही सोसणार."

"मावशी, काय बोलतेस. मी कशाला सांगेन?" शंतनु म्हणाला.

सिनेमा तयार झाल्यावर शंतनुने ग्वाल्हेरलाच, पडाव भागातल्या थिएटरात, दुपारचा खास खेळ ठेवला होता. सुमनताई आणि पांडुरंगराव पहिल्या रांगेत बसले. मध्यंतरापर्यंत सगळं ठीक होतं. शेवटी वसुधा दारापाशी गेली आणि पुस्तकात ती थांबते तिथे न थांबता आत शिरली. अंधारात एका मुलीचा आवाज आला, "माँ, पापा आएँ तो मुझे जगा देना. तेरह का पहाड़ा याद हो गया है."

मागच्या रांगांमध्ये कोणीतरी हुंदका दिला. सुमनताईंना शेजारी बघवेना. दिवे लागले, टाळ्या सुरू झाल्या, स्टेजवरून शंतनुने मावशीचं नाव पुकारलं. पांडुरंगराव उठले आणि खुर्च्यांच्या कडेकडेने बाहेर गेले. सुमनताई त्यांच्यामागे निघाल्या. बाहेर टेंपोवाले सवाऱ्यांसाठी 'स्टेशन, हजीरा' असं ओरडत होते.

"झोपेत गेली म्हणाली होतीस," पांडुरंगराव म्हणाले.

"अहो, तुम्ही तेव्हा जेवतसुद्धा नव्हता. कसं सांगणार होते?"

"तेव्हा नाही. पण नंतर?"

त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. समोरच्या टेंपोत बसून ते एकटेच घरी गेले.

शंतनु धावत बाहेर आला. "मावशी, सगळे तुला विचारतायत."

"तू मला शब्द दिला होतास."

"नाव कुठे घेतलंय मी दुर्गाचं? कोणाला काय माहीत?" तो आजूबाजूला बघत हळू आवाजात म्हणाला. "तोच सीन तर पिक्चरची जान आहे, मावशी. पब्लिकला दारातून परत कसं पाठवणार?"

"मी पाठवलं होतं," सुमनताई म्हणाल्या. "चाळीस वर्षं पाठवत होते."

त्यानंतर पांडुरंगरावांनी आपली गादी बाहेरच्या खोलीत नेली. भाजी काय आणू, वीज गेली का, एवढंच बोलायचे. सुमनताईंनी दोनदा विषय काढला, दोन्ही वेळा ते वर्तमानपत्र घेऊन उठले. शंतनुचे फोन त्या घेत नव्हत्या. सिनेमाचं मोठं नाव झालं. जुने वाचक त्यांना कळवू लागले की वसुधाने काय ऐकलं ते शेवटी कळलं एकदाचं.

दिवाळीला शंतनु आला. सुमनताईंना वाटलं, पांडुरंगराव त्याला दारातूनच घालवतील. उलट त्यांनी त्याला जवळ बसवलं, त्याची तब्येत विचारली. ते दोघं तासभर बोलत होते. स्वयंपाकघरात सुमनताईंना पांडुरंगराव हसल्याचं ऐकू आलं. कितीतरी दिवसांनी.

त्या बाहेर आल्या. "शंतनु, तू या घरात परत येऊ नकोस."

पांडुरंगराव म्हणाले, "त्याला का बोलतेस? निदान त्याने मला सांगितलं तरी."

"त्याने जगाला सांगितलं. त्यात तुम्ही होतात, एवढंच."

"तू तर तेवढंही केलं नाहीस."

पांडुरंगरावांनी कोपऱ्यातली काठी घेतली, चपला घातल्या. "चल रे," ते शंतनुला म्हणाले, "फूलबागेपर्यंत जाऊन येऊ." शंतनुने एकदा मावशीकडे पाहिलं, मग काकांना पायरी उतरायला हात दिला. दोघं गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत सुमनताई दारात उभ्या होत्या. त्यांच्यातल्या एकानेही मागे वळून पाहिलं नाही.